दुकानाचं भांडवल

रविवारी रात्री साडेआठला माझा भाचा कुणाशी बोलत नाही. जपानमध्ये तेव्हा बारा वाजून सोमवार लागलेला असतो, आणि शूएशा या प्रकाशनसंस्थेच्या 'मांगा प्लस' ॲपवर (मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स) 'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकातल्या मालिकांचे नवे भाग इंग्रजीत येऊन पडतात. टोकियोतल्या पोराला आणि डोंबिवलीतल्या पोराला एकाच वेळी. ताजा भाग फुकट, सुरुवातीचे भागही फुकट. काही मालिका थाई, व्हिएतनामी, इंडोनेशियन भाषांतही येतात. भारतातली एकही भाषा त्या यादीत नाही, आणि आमच्या घरात त्याचं वाईट वाटणारा मी एकटाच आहे.

मागे एका रविवारी त्यानं आपलं वाचन उरकलं आणि फोन माझ्या हातात दिला. "मामा, हे वाच. पहिल्यापासून. उजवीकडून डावीकडे, विसरू नकोस." मालिका होती 'साकामोटो डेज'. मी वाचत होतो, मध्येच हसत होतो. शेजारी आई मेथी निवडत बसली होती. तिनं विचारलं, काय एवढं? म्हणून गोष्ट सांगितली. एक माणूस असतो, पैसे घेऊन खून करणारा, त्या धंद्यातला सगळ्यात मोठा. एके दिवशी दुकानात काउंटरवर बसणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो. धंदा सोडतो, लग्न करतो, मुलगी होते, सुटतो, म्हणजे अंगानं सुटतो, ढेरी येते, आणि गल्लीत एक छोटं दुकान टाकून बसतो.

"सुपारी घेणारा होता म्हण की," आई म्हणाली. मग दोन काड्या निवडून झाल्यावर, "दुकानाला भांडवल कुठनं आणलं?"

माझ्या आजोबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं, जुन्नरला किराणा दुकान होतं. दुकान म्हटलं की भांडवल, उधारी आणि जागेचं भाडं या तीन गोष्टी तिच्या डोक्यात आपोआप येतात. तिला मांगावर टीका बिलकूल करायची नव्हती. पण मी पहिला खंड वाचून संपवला तेव्हा त्या सगळ्या उड्या, गोळ्या आणि विनोद यांच्या खाली तोच प्रश्न बसून राहिला होता. हा लेख त्या प्रश्नापायी आहे.

आधी थोडी माहिती, ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी. 'साकामोटो डेज' युतो सुझुकी या चित्रकार-लेखकाची. नोव्हेंबर २०२० मध्ये 'जंप'मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये तिच्यावरची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मालिका आली, नेटफ्लिक्सवरून जगभर गेली, आणि आपल्याकडच्या बहुतेकांना ती तेव्हा कळली. म्हणजे जपानी हिशेबानं नवी नाही, आपल्या हिशेबानं नवी. तारो साकामोटो हा नायक: पांढरे केस, गोल चष्मा, बारीक मिशी, एप्रन. आओई ही बायको, हाना ही लहान मुलगी. शिन हा तरुण मारेकरी, पूर्वी साकामोटोच्या हाताखाली काम केलेला, आणि त्याला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं. त्याला साकामोटोला मारायला पाठवलेलं असतं. मारणं त्याच्याच्यानं होत नाही, मग त्याचे मालक त्याच्यावर उलटतात, साकामोटो त्याला सोडवायला जातो, आणि शिन दुकानात नोकरीला लागतो. या घराचा एक नियम आहे, आणि सगळी मालिका त्याच्यावर उभी आहे: माणूस मारायचा नाही.

खुनी माणसाला नायक करून पोरांना हसवायचं, हे बरं का? हा प्रश्न माझ्या वयाच्या आईबापांकडून हमखास येतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो आला की पाठोपाठ 'मुलांच्या मनावर परिणाम' हा मजकूर येतोच. मला हा आक्षेप पटत नाही. जपाननं तो फार पूर्वी आणि फार तावातावानं करून पाहिला आहे. १९५५ च्या सुमारास तिथं 'वाईट पुस्तकं हद्दपार करा' अशी मोहीम झाली, त्यात पालकांच्या संघटना पुढं होत्या, काही ठिकाणी कॉमिक्स जाळलीही गेली. त्यानंतर जपानी कॉमिक्सचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत. १९५८ च्या कायद्यानं सामान्य माणसाच्या हाती बंदूक जवळजवळ येऊच दिली नाही, आणि त्याच देशानं पुढची साठ-पासष्ट वर्षं बंदुकांनी भरलेली कॉमिक्स ढिगानं छापली. कागदावरची बंदूक आणि हातातली बंदूक यांचा संबंध इतका सरळ असता तर जपानची आकडेवारी वेगळी दिसली असती. ८ जुलै २०२२ ला नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा 'साकामोटो डेज' दीड वर्षाहून जास्त काळ चालू होती. मारणारा कुठल्या मारेकरी-संघाचा सभासद नव्हता. एका धार्मिक पंथावर राग धरून घरी नळ्या जोडून बंदूक बनवणारा एकटा माणूस होता तो. कॉमिक्समधला मारेकरी आणि खरा मारेकरी यांच्यात किती अंतर असतं ते त्या दिवशी जपानला दिसलं.

तेव्हा बंदी, वय, परिणाम हे सगळं बाजूला ठेवू. माझी तक्रार वेगळी आहे, पण तिच्याआधी कौतुक करायला हवं, कारण कौतुकाची जागा आणि तक्रारीची जागा एकच आहे.

माणूस मारायचा नाही हा नियम घरातला आहे, पण चित्रकाराच्या दृष्टीनं पाहिलं तर तो तंत्राचा नियम आहे. ज्या नायकाला मारता येतं त्याची लढाई लवकर संपते. गोळी लागली, पडला, पुढचं पान. ज्याला मारता येत नाही त्याला समोरच्याच्या हातातलं हत्यार काढून घ्यावं लागतं, त्याला बांधावं लागतं, आपटावं लागतं पण बेतानं, शिवाय आजूबाजूच्या माणसांना वाचवावं लागतं आणि घरी उशीर झाला तर कारण सांगावं लागतं. प्रत्येक अडचण म्हणजे चित्राच्या चौकटीत एक जास्तीची हालचाल. सुझुकी या हालचालींचा कारागीर आहे. त्याच्या लढाईत कोण कुठं उभा आहे हे कधीही विसरायला होत नाही. आधीच्या पानावर कोपऱ्यात सहज दिसलेली वस्तू दोन पानांनी हातात येते. सुरुवातीच्याच भागांत कुटुंब मनोरंजन बागेत सहलीला जातं आणि रोलर कोस्टर चालू असताना त्याच्यावर मारामारी होते. बायको-मुलीची सहल बिघडता कामा नये ही अट वर आहेच. रूळ वळतो, डबा उलटा होतो, आणि माणसं त्या वळणाच्या हिशेबानं हात-पाय टाकतात. मी ती पानं तीनदा पाहिली. तिसऱ्यांदा संवाद न वाचता नुसती चित्रं पाहिली आणि काही अडलं नाही. साध्या रेषेत गती आणणं पुष्कळांना जमतं. गतीतही जागेचं भान ठेवणं फार थोड्यांना जमतं.

आणि शिन. मनातलं ऐकू येणारा माणूस नायकाच्या शेजारी ठेवणं ही या मालिकेतली सगळ्यात हुशार गोष्ट, असं माझं मत आहे. साकामोटो बोलत नाही. त्याच्या तोंडी शब्द फारच थोडे. त्यामुळं त्याच्या मनात काय चाललंय ते शिनच्या कानानं आपल्याला कळतं. आणि मनात काय चाललेलं असतं? शिननं काही आगाऊपणा केला की साकामोटो मनातल्या मनात त्याला ठार करतो. पुन्हा पुन्हा, सविस्तर. शिन ते ऐकून घाबरतो आणि आपण हसतो. घराच्या नियमात मनातल्या खुनाला मनाई नाही.

हा विनोद मला हसताहसता थांबवून गेला. सवय गेलेली नाही हे इथं दिसतं. माणूस बदलला म्हणजे काय बदललं? हात थांबला, डोकं तेच आहे. गंभीर चेहऱ्यानं लिहिणाऱ्या एखाद्या कादंबरीकाराला हे सांगायला पन्नास पानं लागली असती. इथं एका चौकटीत झालं, तेही दहा वर्षांच्या पोराला कळेल असं.

इतकं ज्याला कळतं, त्यानं ती दुसरी गोष्ट का सोडली, हा माझा सवाल.

मालिकेत मेलेले नाहीत. म्हणजे साकामोटोनं पूर्वी मारलेली माणसं. तो सर्वांत मोठा मारेकरी होता, त्याला सगळे गुंड घाबरत आणि सगळे मारेकरी त्याच्यासारखं व्हायला बघत, एवढं पहिल्याच पानांत सांगून होतं. पण मोठा म्हणजे किती जणांना मारून मोठा? कुणाला? त्यांची पोरं आता केवढी असतील? पहिल्या खंडात यातल्या एकालाही चेहरा नाही. 'गुंड' हा एक शब्द त्या सगळ्यांवर पांघरूण घालतो: त्यानं मारले ते वाईटच होते, असं आपण समजून घ्यायचं. आईचा प्रश्न पुन्हा: भांडवल कुठनं आणलं? ज्या फळीवर नूडल्सची पाकिटं लावलेली आहेत ती फळी कशाच्या पैशातून आली? दुकान गोड आहे, एप्रन गोड आहे, मुलगी तर फारच गोड आहे. पण दुकानदाराच्या मुलीला हे लगेच दिसलं आणि मला, चार पुस्तकं वाचलेल्याला, दिसायला एक खंड जावा लागला.

यावर पहिलं उत्तर भाच्यानंच दिलं. "मामा, विनोदी आहे ती. विनोदात असलं विचारायचं नसतं." बरोबर आहे, बहुतेक वेळा. ताकाओ साइतो यांचा 'गोल्गो १३' ऑक्टोबर १९६८ पासून चालू आहे, साइतो २०२१ मध्ये गेले तरी मागची मंडळी काढताहेत. त्यातला नायक पैसे घेतो, नेम धरतो, निघून जातो. त्याला मी कधीच विचारत नाही की तुझं मन तुला खात नाही का. कारण त्यानं तो हिशेब उघडलेलाच नाही. तो पहिल्यापासून सांगतो की मी यंत्र आहे. पण साकामोटोनं हिशेबाची वही स्वतः उघडली. मारायचं नाही हा नियम केला म्हणजे मारणं वाईट आहे हे कबूल केलं. ते का वाईट, तर घरच्यांना आवडत नाही म्हणून. त्याच्या पुढं वही कोरी. वही उघडायची आणि मागची बाकी ओढायची नाही, याला आमच्या आजोबांच्या दुकानात काय म्हणत ते इथं लिहीत नाही.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. ते 'जंप' कसं चालतं याच्याशी जोडलेलं आहे. १९६८ मध्ये सुरू झालेलं हे साप्ताहिक नव्वदच्या दशकाच्या मध्याला एका अंकाच्या ६५ लाखांहून जास्त प्रती छापत होतं. आता कागदावरचा खप त्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण पद्धत टिकली आहे. अंकात मतपत्रिका असते. वाचक आपल्या आवडीच्या तीन मालिका निवडून कळवतो. त्या मतांवर नव्या मालिकेचं आयुष्य ठरतं, आणि फार लवकर ठरतं. पहिल्या काही आठवड्यांत मतं आली नाहीत तर चार-पाच महिन्यांत गाशा गुंडाळावा लागतो. दर आठवड्याच्या भागाला साधारण १९ पानं मिळतात, पहिल्या भागाला त्याच्या दुपटीहून जास्त. त्या पानांत नायक आवडला पाहिजे, पुढच्या आठवड्यात परत यावंसं वाटलं पाहिजे, आणि एक तरी लढाई झाली पाहिजे. म्हणजे पहिलं मत, जे आपल्याकडं उथळपणाचं लक्षण मानतात, ते तिथं धंद्याचं मूळ आहे. लेखकाला ते ठाऊक असतं. अशा वेळी पहिल्याच भागात नायकानं मारलेल्या माणसाची विधवा आणून कोण उभी करील? पान उलटायच्या आत मत गेलं.

हे मला मान्य होतं. मान्य होतं, आणि मग 'रुरोनी केनशिन' आठवली.

तीही 'जंप'चीच, १९९४ ते १९९९. तेव्हाही मतपत्रिका होत्या, उलट खप जास्त होता म्हणून स्पर्धा जास्तच. काळ जपानच्या मेइजी सम्राटाचा, १८७८ साल. नायक केनशिन, क्रांतीच्या दिवसांत माणसं कापणारा आणि आता भटका. त्याचाही नियम तोच, मारायचं नाही. त्याच्या तलवारीची धार उलट्या बाजूला आहे, म्हणजे वार केला तरी समोरचा मरू नये. सुरुवातीचे भाग हलकेफुलके. पण त्याच्या डाव्या गालावर फुलीसारखा व्रण आहे, आणि तो पहिल्या पानापासून आहे. पुढं कितीतरी खंडांनंतर कळतं की त्यातला एक वार त्यानं मारलेल्या तरुणानं मरताना केलेला, आणि दुसरा त्या तरुणाच्या वाग्दत्त वधूमुळं पडलेला, जी पुढं केनशिनचीच बायको झाली आणि त्याच्याच तलवारीनं गेली. मग तिचा भाऊ येतो सूड घ्यायला. म्हणजे हिशेब मागायला मेलेल्यांच्या घरचं माणूस येतं.

पहिल्या भागात यातलं काही सांगितलेलं नव्हतं. नुसता व्रण होता. दोन रेषा. त्याला जास्तीचं पान लागलं नाही, मतं गेली नाहीत, विनोद बिघडला नाही. पण वाचकाला कळलं होतं की या माणसाच्या अंगावर काहीतरी लिहिलेलं आहे आणि ते कधीतरी वाचावं लागणार.

साकामोटोच्या अंगावर काय आहे? ढेरी. ढेरी संसाराची खूण आहे, सुखाची आहे, आणि कल्पना म्हणून ती फार छान आहे, कारण मारामारीच्या मांगात नायकाचं पोट सुटलेलं कोण दाखवतं? पण ढेरी आजचं सांगते, कालचं काही सांगत नाही. आणि तिचं पुढं काय होतं पाहा. लढाई रंगात आली की साकामोटोची चरबी जळते आणि तो पुन्हा सडपातळ, देखणा, पूर्वीसारखा होतो. ती पानं सुझुकी जीव ओतून काढतो. वाचक म्हणून मी त्या पानाची वाट पाहतो, हे कबूल करतो. म्हणजे गोष्ट तोंडानं म्हणते की दुकानदार झालेला माणूस बरा, आणि चित्र म्हणतं की मारेकरी असलेला माणूस सुंदर. केनशिनच्या वेळी तो जुना माणूस परत येईल की काय याची मला भीती वाटायची. साकामोटोच्या वेळी मी टाळी वाजवायला बसलेलो असतो.

मराठी वाचकाला हे जास्त खुपायला एक कारण आहे, आणि ते आपल्या शब्दातच आहे. 'हिटमॅन' म्हटलं की चित्र डोळ्यांसमोर येतं ते सिनेमातलं. 'सुपारी' म्हटलं की येतं ते वेगळं. गंमत अशी की सुपारी हा मुळात केवढा सालस शब्द. लग्न ठरलं की सुपारी फुटते. तमाशाच्या फडाला, बँडवाल्याला, जागरण-गोंधळाला सुपारी देतात, म्हणजे तारीख बांधतात. काम कबूल केल्याची खूण, एवढंच. नव्वदच्या दशकातल्या मुंबईनं तो शब्द असा काही वापरला की आता बँडवाल्यालाही तो जरा जपून उच्चारावा लागतो. साकामोटोची गोष्ट मराठीत एका ओळीत सांगता येते: एक सुपारी सोडून दुसरी फोडली. जपानीत किंवा इंग्रजीत ही ओळ होणार नाही. पण या शब्दाबरोबर आपल्याकडं जे येतं त्यात मेलेल्यांची नावं आहेत. १६ जानेवारी १९९७, पवई, डॉक्टर दत्ता सामंत. १२ ऑगस्ट १९९७, अंधेरी, गुलशन कुमार. ११ जून २०११, पुन्हा पवई, पत्रकार जे. डे. गोळ्या झाडणाऱ्यांची नावं विचारा, दहातले नऊ जण गप्प बसतील. मी स्वतःही बसेन. आपल्या आठवणीत मेलेल्याला नाव आहे आणि मारणारा बिनचेहऱ्याचा आहे. मोटारसायकलवरचे दोघे, एवढंच. मांगात बरोबर उलटं: मारणाऱ्याला नाव, मिशी, चष्मा, बायको, मुलगी, आणि मेलेला बिनचेहऱ्याचा. जपानी लेखकानं मुंबईचा इतिहास ध्यानात ठेवून लिहावं असं मी म्हणत नाही, तो वेडेपणा होईल. पण आपण वाचताना आपली आठवण बाहेर चपलांसारखी काढून ठेवावी असंही नाही.

मग ही गोष्ट खरोखर कशाबद्दल आहे? मला वाटतं, नोकरी सोडण्याबद्दल. या मालिकेत मारेकऱ्यांचा संघ आहे, त्याच्यात वरचे-खालचे दर्जे आहेत, खास पथक आहे, प्रशिक्षण देणारी शाळाही आहे. हे गुन्हेगारी जग कमी आणि मोठी कंपनी जास्त वाटते. सगळ्यात वरच्या जागेवरचा माणूस उठतो आणि म्हणतो, मला घरी जायचंय, संध्याकाळी मुलीबरोबर जेवायचंय. अतिकामानं मरण्याला ज्या देशाच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे, 'कारोशी', तिथल्या वाचकाला यात काय वाटत असेल ते कळायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. आणि राजीनामा देऊन तो काय करतो? साखळी स्टोअरची शाखा घेत नाही. जपानमध्ये तशी पन्नास हजारांहून जास्त आहेत, बहुतेक चोवीस तास उघडी. तो स्वतःच्या नावाचं गल्लीतलं दुकान टाकतो. तिथल्या छोट्या गावांत अशाच दुकानांची शटरं एकामागून एक खाली आली आहेत. दुहेरी स्वप्न आहे हे: नोकरी सुटण्याचं आणि वाण्याचं दुकान टिकण्याचं. आजोबांचं दुकान मामांनी १९९० च्या आसपास बंद केलं, म्हणून असेल, मला त्या दुकानाच्या चित्रांचा मोह होतो. काचेच्या बरण्या नाहीत, पण उंबऱ्यातून आत येणारी ओळखीची माणसं आहेत, आणि दुकानदाराला त्यांची नावं माहीत आहेत.

असं वाचलं तर माझी तक्रार कमी होते का? थोडी. 'मारेकरी' हा शब्द काढून 'विक्री विभागाचा प्रमुख' असा घातला तरी अर्धी गोष्ट तशीच चालेल, मग मेलेल्यांचं विचारणं अप्रस्तुत ठरतं. पण तसं असेल तर मारेकरीच का? कारण विक्री विभागाच्या प्रमुखाची रोलर कोस्टरवरची लढाई कुणी वाचणार नाही. खुनाची चमक हवी आणि खुनाचं ओझं नको, असा हा सौदा आहे. धंद्याच्या दृष्टीनं शहाणपणाचा. प्रौढांच्या साप्ताहिकात आलेल्या, कात्सुहिसा मिनामी यांच्या 'द फेबल'मध्येही साहेबाच्या हुकमावरून वर्षभर न मारता राहणारा मारेकरी आहे. तिथं तो साधं जगायला शिकताना इतका विचित्र वागतो की त्याच्या आतलं काय मोडलंय ते दिसत राहतं. साकामोटोचं काहीच मोडलेलं नाही. तो फक्त जाड झालाय.

एका खंडावरून एवढं बोलणं अन्याय आहे, हे मला समजतं. पुढं कदाचित व्रण दिसेल. लेखकाची ती मनातल्या खुनांची चौकट पाहता त्याला हे दिसत नसेल असं मी मानायला तयार नाही. पण ज्या साप्ताहिकानं आम्हाला पहिल्या मतावर मालिका तारायला-मारायला शिकवलं, त्यानं आमचं पहिलं मत ऐकून घ्यायला हरकत नसावी. माझ्या हातात मतपत्रिका असती तर तीनपैकी एक मत मी या मालिकेला दिलं असतं. पहिलं नाही. दुसरं.

पुढच्या रविवारी आईनंच विचारलं. "अरे, काय म्हणतोय तुझा दुकानदार?"

"आजी, त्याला मारणाऱ्याला बक्षीस लावलंय. शंभर कोटी येन."

"कुणी लावलं?"

"ते अजून मामाला कळायचंय. मी सांगणार नाही."

"आणि मारायला कोण येतात?"

"बाकीचे हिटमॅन."

"म्हणजे त्याच्याच धंद्यातले." तिला ते फारसं पटलं नसावं. "ज्यांची माणसं गेली ते नाही आले कुणी?"

भाच्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. मग त्यानं पहिला भाग उघडून फोन तिच्या हातात दिला, चष्मा शोधून दिला, साकामोटो शेल्फमध्ये माल लावतोय ते पान दाखवलं. तिनं पुढचं पान बघायला बोट फिरवलं, पण आपल्या सवयीनं, आपल्या बाजूनं. पानं मागं गेली. काळ्या कपड्यांतला एक सडपातळ तरुण समोर आला. तिनं फोन जरा लांब धरला.

"हा कोण?"

"तोच," भाचा म्हणाला. "आधीचा."